कानामागचा वळ: बालवाडीच्या ताईंनी काय पाहावे?

सोमवारी सकाळी दोन मुले बालवाडीत येतात. एकाचा गुडघा सोललेला, नडगीवर दोन-तीन काळेनिळे डाग, कपाळावर टेंगूळ. दुसऱ्याच्या अंगावर तसे काही दिसत नाही, फक्त डाव्या कानाच्या पाळीमागे बोटभर निळसर वळ. ताईंनी कोणाची काळजी करावी? आपले लक्ष साहजिकच पहिल्याकडे जाते. अनुभवी बालरोगतज्ज्ञ मात्र पहिल्याच्या गुडघ्याला मलम लावायला सांगेल आणि दुसऱ्याला जवळ बोलावून नीट तपासेल.

असे का, हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नाही. अंगणवाडीच्या सेविका, मदतनीस आणि खाजगी बालवाडीतल्या ताई यांना तर ते कळायलाच हवे. सहा वर्षांखालच्या मुलाला घराबाहेरचे दुसरे कोणीही मोठे माणूस इतक्या नियमाने पाहत नाही. डॉक्टरला मूल आजारी असताना दिसते, पोलिसांना फार उशिरा दिसते. ताईंना ते रोज दिसते: हसताना, रुसताना, खाताना, शूला जाताना. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढे डोळे दुसऱ्या कोणत्याच यंत्रणेकडे नाहीत.

पडलेल्या मुलाला कुठे लागते?

धावताना पडणारे मूल बहुधा पुढे पडते. आधी हात पुढे येतात, मग गुडघे टेकतात, तोल फारच गेला तर कपाळ किंवा हनुवटी आपटते. या सगळ्या जागी कातडीखाली लगेच हाड असते. हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त आजूबाजूला झिरपते आणि डाग दिसू लागतो. म्हणून नडग्या, गुडघे, कोपरे आणि कपाळ यांवरचे डाग हे बहुतेक वेळा खेळाचे डाग असतात.

गाल, पोट, पाठ, कुल्ले आणि मांडीची आतली बाजू मांसल असते. तिथे डाग उठायला जास्त जोर लागतो आणि साध्या पडण्यात या जागा सहसा जमिनीला लागत नाहीत. कानाचे तर आणखी वेगळे आहे. मूल कुशीवर पडले तर आधी खांदा टेकतो आणि मग डोक्याचा फुगीर भाग. या दोहोंच्या मधल्या खोबणीत कान आणि मान बचावतात. त्यामुळे कानावर किंवा कानामागे वळ असेल तर कोणी कान पिळला का, ओढला का, थप्पड मारली का, असा प्रश्न मनात यायलाच हवा. कान पिळणे आपल्याकडे शिक्षेतही धरत नाहीत, म्हणून ही खूण सहज नजरेआड होते.

अमेरिकेतल्या डॉ. मेरी क्लाइड पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यातून एक सोपा नियम मांडला. मूल चार वर्षांहून लहान असेल आणि त्याच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असेल, किंवा बाळ चार महिन्यांहून लहान असेल आणि डाग अंगावर कुठेही असेल, आणि त्यामागे पटण्याजोगा अपघात नसेल, तर तपासणी झालीच पाहिजे. २०२१ मध्ये त्यांनी या यादीत आणखी काही जागा घातल्या: गालाचा मांसल भाग, जबड्याचा कोन, पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग, आणि वरचा ओठ उलटल्यावर हिरडीपाशी दिसणारा पातळ पडदा. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात बाटली किंवा चमचा जबरदस्तीने कोंबला तर हा पडदा फाटू शकतो.

आकारही बोलतो. जोराची थप्पड बसली की बोटांखालचे रक्त कडेला ढकलले जाते आणि वाहिन्या फुटतात त्या बोटांच्या कडांना. म्हणून गालावर समांतर रेघा उमटतात. दुमडलेल्या वायरचा वळ इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. बालवाडीत मुले एकमेकांना चावतातच, पण मुलाच्या जबड्याची खूण लहान असते. दोन सुळ्यांच्या खुणांमध्ये तीन सेंटिमीटरहून जास्त अंतर असेल तर तो चावा मोठ्या माणसाचा असण्याचा संभव आहे.

भाजल्याचेही तसेच. मुलाने ओट्यावरचा चहाचा कप ओढला तर चहा तोंडावर, खांद्यावर, छातीवर सांडतो. वर भाजलेला भाग रुंद आणि खाली ओघळ निमुळते, कडा वेड्यावाकड्या, बाजूला शिंतोडे. मूल गरम पाण्यात धरले गेले असेल तर दोन्ही पाय सारखेच भाजतात आणि मोज्याची कड असावी तशी सरळ रेघ दिसते. गरम पाण्यात चुकून पाय पडलेले मूल पाय झटकते, तडफडते. अशी नीट रेघ उमटायला त्याला कोणीतरी धरून ठेवावे लागते.

फसवणाऱ्या खुणा

इथे एक मोठा धोका आहे तो घाईचा. आपल्याकडे कितीतरी बाळे कमरेच्या खाली, कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग घेऊनच जन्मतात. त्यांना मंगोलियन डाग म्हणतात. ते दुखत नाहीत, चार दिवसांत रंग बदलत नाहीत आणि मूल शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुधा फिके होतात. माराचा डाग मात्र काही दिवसांत बदलत जातो. त्याचा रंग पाहून मार नेमका कधीचा हे ठरवू नये, त्यात डॉक्टरांचाही अंदाज चुकतो. सावळ्या कातडीवर डाग लवकर दिसत नाही, तेव्हा मुलाला दाराशी उजेडात आणून पाहावे.

हिमोफिलियासारख्या रक्ताच्या आजारात किंवा प्लेटलेट कमी झाल्यावर साध्या धक्क्यानेही अंगभर डाग उठतात. चिघळलेले पुरळ विडीच्या चटक्यासारखे दिसू शकते. बिब्बा लावला असेल तर त्याच्या तेलाने कातडी जळते, काळसर चट्टे आणि फोड येतात, आणि लावणाऱ्या आजीला वाटत असते की आपण औषधच केले. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. हेतू बरे करण्याचा असतो हे खरे, पण बाळाची कातडी जळते ती जळतेच आणि त्यातून जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. असे दिसले की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायला हवे.

म्हणजे शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. एक डाग पाहून कोणावर आरोप करायचा नाही, आणि एक डाग पाहून पाठही फिरवायची नाही.

डाग आणि कहाणी यांचा मेळ

मग पाहायचे काय? डाग, मुलाचे वय आणि सांगितलेले कारण या तिन्हींचा मेळ बसतो का, ते. १९९९ मध्ये अमेरिकेत तपासणीला आलेल्या ९७३ लहान मुलांच्या अंगावरचे डाग मोजले गेले. धरून का होईना पण चालू लागलेल्या मुलांत डाग सर्रास होते, स्वतंत्र चालणाऱ्यांत तर निम्म्याहून अधिकांना. सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांपैकी फक्त दोघांच्या अंगावर डाग सापडला. जे बाळ अजून रांगत नाही ते आपटणार कुठे? म्हणून ‘पाळण्यातून पडली’ हे तीन महिन्यांच्या बाळाबाबत ऐकले तर कान टवकारले पाहिजेत.

कहाणी बदलते का, हेही पाहावे. आई म्हणते जिन्यावरून पडला, काका म्हणतात भावाने ढकलला, आणि लागले कधी ते कोणालाच सांगता येत नाही. मोठी जखम असून दवाखान्यात दोन दिवस उशिरा नेले. यातली एखादी गोष्ट कोणत्याही घरात घडू शकते. तीन-चार एकत्र आल्या की थांबून विचार करायचा.

हा मेळ तपासायला डॉक्टरांनाही फार वर्षे लागली. १९४६ मध्ये जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा बाळांची नोंद प्रसिद्ध केली. प्रत्येकाच्या मेंदूभोवती रक्त साचलेले आणि हातापायांची हाडे ठिकठिकाणी मोडलेली. चित्रे समोर होती, तरी आईबाप असे करतील हे मान्य व्हायला आणखी सोळा वर्षे गेली. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी ‘मारझोड झालेल्या मुलां’वरचा लेख लिहिला, आणि नंतरच्या पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी अशी प्रकरणे कळवण्याचे कायदे केले. खूण दिसत होती, विश्वास बसत नव्हता. ओळखीच्या घराबाबत आपलेही अगदी असेच होते.

एका महिन्याचे वजन नव्हे, रेघ

वागण्यातल्या खुणा ओळखायला अंगणवाडीच्या ताईंना वेगळे धडे नकोत. वाढीचा आलेख त्या दर महिन्याला भरतात. एका महिन्यात वजन कमी भरले म्हणून त्या घाबरत नाहीत. त्या रेघ पाहतात: वर जात होती ती सपाट झाली का, खाली वळली का. मुलाच्या वागण्याचीही अशीच एक रेघ असते आणि ती ताईंच्या मनात असते.

बडबडे मूल पंधरा दिवसांत गप्प झाले. शू सांगणारी मुलगी पुन्हा चड्डीत करू लागली. अंगठा सुटलेला, तो परत तोंडात गेला. डबा संपवून खिचडी खिशात भरून नेऊ लागले. दुपारी घरी जायची वेळ झाली की पोट दुखते. घरात नवे बाळ आले, आजोबा गेले, भाडेकरू म्हणून नव्या वस्तीत राहायला गेले, तरी असेच बदल होतात. म्हणून आधी घरची विचारपूस करावी. कारण सापडत नसेल आणि रेघ खालीच जात असेल, तर ते नोंदवावे.

सर्वांत सहज निसटते ते ‘गुणी’ मूल. ते रडत नाही, हट्ट करत नाही, नेमून दिलेल्या जागी बसून राहते. त्याची नजर मात्र मोठ्यांच्या हातांवर खिळलेली असते. ताईंनी फळीवरची पाटी काढायला हात वर केला की ते मान खांद्यात घालून डोळे मिटते. पडले तरी कोणाकडे धाव घेत नाही. बालरोगतज्ज्ञ याला थिजलेली सावधगिरी म्हणतात. मोठ्या माणसाचा भरवसा नसेल तर मूल हलायचे थांबते आणि पाहत राहते. चाळीस पोरांच्या गलक्यात असे मूल फार सोयीचे वाटते, आणि त्यामुळेच त्याच्याकडे आधी पाहायला हवे.

दुर्लक्ष म्हणजे हेळसांड ओळखणे याहून अवघड. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले मूल अंघोळीविना, पेंगत येते, कारण आईबाप पहाटेच फडावर गेलेले असतात. ती गरिबी आहे. त्या घराला रेशन, पाळणाघर, हंगामी वसतिगृह यांची गरज असते, तक्रारीची नव्हे. पण घरात असूनही जेवण दिले जात नाही, मोडलेला हात बांधला जात नाही, एका मुलाला सगळे आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर ती हेळसांड. घराची ऐपत आणि मुलाच्या वाट्याला आलेले यांची तुलना केल्याशिवाय निवाडा करू नये, असे माझे ठाम मत आहे.

जिथे वळ उठतच नाही

लैंगिक अत्याचारात शरीरावर खूण सापडेलच असे नाही. अशा मुलांच्या वैद्यकीय तपासणीत दहापैकी नऊहून अधिक वेळा काहीही वेगळे आढळत नाही. तो भाग लवकर भरून येतो आणि कित्येक प्रकारच्या अत्याचारांत जखम होतच नाही. म्हणून ‘डॉक्टर म्हणाले काही नाही’ एवढ्यावर विषय संपत नाही.

अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता, आणि निम्मे अत्याचारी विश्वासातले होते. ओळखीचा माणूस आधी खाऊ देतो, लाड करतो, घरच्यांचा भरवसा मिळवतो आणि मग ‘हे आपले गुपित’ म्हणतो. चार वर्षांच्या मुलीला जे घडते आहे त्याला शब्द नसतात, आणि ज्याच्यावर सगळे घर विश्वास टाकते त्याच्याबद्दल काय सांगायचे तेही कळत नाही.

स्वतःच्या शूच्या जागेला हात लावणे, दुसऱ्याचे काय आहे ते डोकावून पाहणे हे तीन ते पाच या वयातले साधे कुतूहल आहे. लक्ष दुसरीकडे वळवले की मूल ते सोडून देते. मूल मोठ्यांच्या क्रियेची नक्कल करत असेल, दुसऱ्या मुलावर जबरदस्ती करत असेल, वारंवार थांबवूनही थांबत नसेल, तर ते त्याला कुठून कळले हा प्रश्न आहे. शू करताना दुखणे, चड्डीवर रक्ताचा डाग, बसायला त्रास, एकाच माणसाची किंवा एकाच जागेची अचानक भीती, चड्डी बदलू न देणे, यांकडेही लक्ष हवे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या चिमुकल्या मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला. गुन्हा नोंदवायला पोलिसांनी कित्येक तास लावले, आणि २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. त्यानंतर सीसीटीव्हीची पुष्कळ चर्चा झाली. ‘शाळेत जायचे नाही’ असे लहान मूल म्हणते तेव्हा ऐकायचे कसे, याची चर्चा मला तितकी दिसली नाही.

विचारावे, पण वदवून घेऊ नये

मूल काही बोलले की मोठ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो: ‘काकांनी हात लावला का?’ प्रश्न मायेपोटी येतो, पण तो घातक आहे. कसा, ते अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मिशेल लाइख्टमन आणि स्टीफन सेसी यांच्या १९९५ च्या प्रयोगातून समजते. सॅम स्टोन नावाचा एक पाहुणा एका पाळणाघरात येऊन दोन मिनिटे थांबला आणि गेला. त्याने कशालाही हात लावला नाही. काही मुलांना तो येण्याआधी ‘सॅम फार वेंधळा आहे’ अशा गोष्टी सांगितल्या होत्या, आणि नंतर ‘सॅमने पुस्तक रागाने फाडले की चुकून?’ असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. अखेरीस या गटातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांनी, सॅमने पुस्तक फाडले किंवा खेळण्यातले अस्वल मळवले, असे सांगितले. ज्या मुलांना काहीच सुचवले नव्हते त्यांनी मोकळ्या प्रश्नाला बरीचशी खरी उत्तरे दिली.

यातून मुले खोटे बोलतात असा अर्थ काढणे चूक आहे. मोकळे सोडले तर लहान मूलही खरे सांगते, उत्तर आपण तोंडात घातले तर तेच परत देते. मग न्यायालयात त्याच्या खऱ्या शब्दांवरही संशय घेतला जातो. म्हणून ताईंनी तपास करायचा नाही. चेहरा शांत ठेवायचा, मुलाच्या उंचीवर खाली बसायचे, ‘मग काय झालं?’, ‘आणखी सांग ना’ एवढेच म्हणायचे. थांबले तर थांबू द्यायचे. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ हे आवर्जून म्हणायचे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही. संशय घरातल्या माणसावर असेल तर त्याला आधी जाब विचारायला जाऊ नये. त्याने मुलाला गप्प बसवण्याची भीती असते.

> चौकट: नोंदवहीत काय लिहावे
>
> तारीख, वेळ, जागा. डाग नेमका कुठे, केवढा, कसल्या आकाराचा. शरीराची साधी आकृती काढून त्यावर खूण करावी. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, बोबडे असेल तर बोबडेच, आणि आपण काय विचारले तेही. घरच्यांनी सांगितलेले कारण, कोणी सांगितले त्यासह. ‘वडील दारुडे वाटतात’ असे अंदाज लिहू नयेत. मुलाचे कपडे काढून तपासू नये, फोटो काढून गटावर टाकू नये. वही कुलपात ठेवावी.

कायदा काय मागतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा यात स्पष्ट आहे. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे आहे. पुरावा गोळा करायला कायदा सांगत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शालेय वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले की माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे. पर्यवेक्षिकेच्या कानावर घातले म्हणजे ताईंचे काम झाले असे होत नाही.

मारहाण, उपासमार, टाकून देणे यांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ आहे, आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कोणीही कळवू शकते.

गावात राहून गावातल्या माणसाबद्दल बोलणे सोपे नाही. ताईंचे घर तिथेच, मुले तिथल्याच शाळेत, मानधन तुटपुंजे. ही भीती खरी आहे. म्हणून कायद्यातल्या दोन तरतुदी पाठच असाव्यात. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर, पुढे आरोप सिद्ध झाला नाही तरी, कारवाई होऊ शकत नाही. आणि मुलाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी व्हायला हवी आणि त्याला या विषयाचे प्रशिक्षण वेळोवेळी मिळायला हवे. मासिक बैठकीत ताईंनी हे प्रशिक्षण मागावे, खाजगी बालवाडीत पालकांनी ते झाले का असे विचारावे. आणि हजेरीपटाच्या पहिल्या पानावर १०९८ हा आकडा आजच लिहून ठेवावा. ही बालकांची मदतवाहिनी आहे, फोन मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही उचलला जातो.